कव्हर लेटर लिहिताना जाहिरात शेजारी ठेवा

भरतीचे अर्ज चाळणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आधीच सांगते, ‘आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन’ हे वाक्य दिसलं की माझी नजर आपोआप खालच्या ओळीवर सरकते.

कव्हर लेटर, म्हणजे रेझ्युमेसोबत जाणारं अर्जाचं पत्र, लिहायला बसण्याआधी नोकरीची जाहिरात नीट वाचा. अपेक्षांची यादी लांबलचक असली तरी खरी गरज दोन-तीन गोष्टींचीच असते. त्या बहुतेक वेळा यादीत वरच असतात, नाहीतर वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्याखाली रेघ मारा. पत्रात उत्तर द्यायचं ते या रेघांना. बाकीचं रेझ्युमेत आहेच, ते पुन्हा उतरवून काढू नका.

सुरुवातीला पद कोणतं आणि जाहिरात कुठे पाहिली, एवढं पुरे. संपर्कासाठी कुणाचं नाव दिलं असेल तर त्या नावाने लिहा.

खरी कसोटी मधल्या परिच्छेदात लागते. समजा, स्टोअरकीपर हवाय आणि ‘साठ्याचा हिशेब चोख ठेवता यावा’ अशी अट आहे. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ यावरून मला काय कळणार? त्यापेक्षा असं लिहा: ‘आधीच्या नोकरीत महिनाअखेरीस रजिस्टर आणि प्रत्यक्ष माल जुळत नसे. मी दर शनिवारी एकेका रॅकची मोजणी सुरू केली. त्यामुळे चूक कुठे होते ते लवकर सापडू लागलं.’ यात स्वतःची स्तुती नाही, पण माणूस काम कसं करतो ते दिसतं. मुलाखतीत मी नेमकं इथेच बोट ठेवणार, तेव्हा घडलेलंच लिहा. आकडा आठवत असेल तर द्या, नसेल तर रचू नका.

नवख्यांनी ‘मला अनुभव नसला तरी’ अशी सुरुवात करू नये. कॉलेजच्या कार्यक्रमाचा जमाखर्च सांभाळला असेल तर तेही कामच होतं, तेच सांगा. मध्ये खंड पडला असेल तर एका वाक्यात कारण द्या आणि पुढे चला. पगाराचा विषय विचारला असेल तरच काढा. नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावर सध्याच्या नोकरीत किती दिवस थांबावं लागेल ते, मात्र न विचारताही लिहा, आमचा एक फोन वाचतो.

एआयकडून मसुदा करून घ्यायला माझी हरकत नाही. पण एकाच पदासाठी आलेली कितीतरी पत्रं ‘मी अत्यंत उत्साहाने’ अशीच सुरू होतात, तेव्हा निदान पहिला परिच्छेद तरी स्वतः लिहा. सगळं मिळून एका पानात बसवा.

पाठवण्याआधी मोठ्याने वाचा आणि कंपनीचं नाव तपासा. आदल्या अर्जातलं नाव तसंच राहिलेली पत्रं आमच्याकडे नेहमी येतात. ईमेलच्या विषयात पदाचं नाव आणि जाहिरातीत दिला असेल तर संदर्भ क्रमांक टाका. फाइल पीडीएफ करा आणि तिला तुमचं नाव द्या, ‘फायनल नवीन २’ नको.