गोंदिया ते चिपी विमानाने: अंतर आणि खरा वेळ कसा काढायचा

माझी मावशी गोंदियाला आणि आम्ही कुडाळचे, त्यामुळे "विमानाने किती वेळ लागेल रे" हे दर मे महिन्यात घरात निघतंच. नेटवर शोधलं की एक आकडा मिळतो पण नुसत्या त्याच्यावर जाऊन प्लॅन केलात तर फसाल, म्हणून मी कसं काढतो ते सांगतो.

आधी सरळ रेषेतलं अंतर. मॅपवर विमानतळावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश दिसतात. गोंदियाचं बिरसी 21.5 आणि 80.3, आपलं सिंधुदुर्गातलं चिपी 16.0 आणि 73.5. अक्षांशातला फरक 5.5, एक अंश म्हणजे साधारण 111 किमी, म्हणून त्याला 111 ने गुणा, 610 किमी. रेखांशातला फरक 6.8, पण विषुववृत्तापासून लांब जाऊ तसे रेखांश जवळ जवळ येतात म्हणून इथे 111 नाही, आपल्या पट्ट्यात 105 धरा, झाले 714. आता शाळेतला पायथागोरस, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, साधारण 940 किमी. अंतर काढून देणाऱ्या साइटवर बघणार असाल तर नाव नका टाकू, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका, गोंदिया जीडीबी आणि चिपी एसडीडब्ल्यू, म्हणजे भलतंच गाव येत नाही.

आता वेळ. छोट्या विमानतळांवर बहुतेक एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान असतं, ते ताशी 500 च्या आसपास उडतं. म्हणजे 940 ला पावणेदोन-दोन तास, आणि धावपट्टीवर जाणं, वर चढणं, उतरणं याचे अर्धा तास वेगळे धरा.

पण हे सगळं थेट विमान असेल तर! थेट नसलं की मधलं मोठं विमानतळ धरावं लागतं, आणि नकाशावर बघा, हैदराबाद जवळजवळ वाटेतच आहे. गोंदिया-हैदराबाद 515, हैदराबाद-चिपी 540, एकूण 1055, म्हणजे अंतर फक्त सव्वाशेच्या आत वाढलं, हवेतला वेळही तीन तासांच्या आसपासच. दिवस जातो तो मधल्या थांब्यात, कारण अशा ठिकाणी दिवसाला एखादंच विमान असतं, कधी रोजही नसतं. म्हणून आधी वार बघा, मग वेळ, किलोमीटर सगळ्यात शेवटी. वार जुळत नसतील तर हैदराबादला मुक्काम आला आणि तो खर्चही तिकिटात मिळवा.

दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं असतील तर मध्ये किमान तीन-चार तास ठेवाच, बॅग घेऊन परत चेक-इन करावं लागतं आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. मी एकदा दीड तासावर विसंबलो आणि दुसरं तिकीट पाण्यात गेलं, आईला घेऊन रात्र खुर्चीवर काढली, अजून वाईट वाटतं. पावसाळ्यात तर कोकणात ढग खाली आले की उशीर होतोच, तेव्हा अजून जास्त ठेवा.

शेवटी घर ते विमानतळ मिळवा, काउंटर तासभर आधी बंद होतो तेही, आणि चिपीला उतरल्यावर मालवण-कुडाळची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.