ग्रेट ओशन रोडला जाताय? शीओक फॉल्स चुकवू नका

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडला सगळी जनता ट्वेल्व्ह अपोसल्सकडे (समुद्रातले खडकांचे सुळके) सुसाट सुटते, थांबलीच तर अर्स्किन फॉल्सला, पण लॉर्न गाव मागे पडलं की थोड्याच वेळात शीओक फॉल्सचं पार्किंग लागतं तिथे गाडी लावा, जाऊन-येऊन तासाभराचं काम. धबधबा साधारण 15 मीटरचा, खाली काळसर डोह. उन्हाळ्यात म्हणजे डिसेंबर-फेब्रुवारीत कधीकधी नुसती धार असते (फोटोसाठी हिरमोड!), त्यामुळे जून ते सप्टेंबर बेस्ट, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. वर स्वॅलो केव्ह आहे, पायऱ्या चढून जायचं, पण दगड शेवाळलेले असतात, चपला नकोच, ग्रिपवाले शूज घाला. तिकीट वगैरे काही नाही.