ऑक्सिडीकरण कुठलं आणि क्षपण कुठलं, हे कसं ओळखायचं

दहावीची मुलं समीकरणात ऑक्सिजन दिसला की ऑक्सिडीकरण लिहून मोकळी होतात आणि तिथेच मार्क जातात. ऑक्सिजन मिळाला किंवा हायड्रोजन गेला की ऑक्सिडीकरण, उलट झालं की क्षपण, हे बरोबरच आहे पण सगळीकडे पुरत नाही. खरा मामला इलेक्ट्रॉनचा, गेले तर ऑक्सिडीकरण, आले तर क्षपण.

आता इलेक्ट्रॉन काय डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आधी पेन्सिल घ्या आणि प्रत्येक अणूच्या डोक्यावर ऑक्सिडेशन नंबर लिहा, म्हणजे त्या अणूचे किती इलेक्ट्रॉन गेले (+) किंवा आले (−) असं धरायचं तो आकडा. मोकळं मूलद्रव्य असेल तर शून्य, साधा आयन असेल तर त्याचा चार्ज, संयुगात हायड्रोजन बहुतेक वेळा +१ आणि ऑक्सिजन −२, सोडियम-पोटॅशियम कायम +१. उरलेला बेरजेतून काढायचा कारण अख्ख्या संयुगाची बेरीज शून्य येते. पोटॅशियम परमँगनेटमध्ये पोटॅशियम +१, चार ऑक्सिजन मिळून −८, म्हणजे मँगनीज +७.

मग बाणाच्या दोन्ही बाजू ताडून बघा. नंबर वाढला की ऑक्सिडीकरण, उतरला की क्षपण (−२ वरून शून्य ही पण वाढच हं, इथे खूप जण अडकतात).

ऐरोली-वाशीला खाडीकडे तोंड असलेल्या बाल्कनीचं ग्रिल बघा, खारट ओलीमुळे किती पटकन गंजतं. त्यात लोखंड शून्यावरून +३ वर जातं आणि हवेतला ऑक्सिजन शून्यावरून −२ वर येतो, म्हणजे ऑक्सिजनचं चक्क क्षपण होतं, मुलांना हे पटतच नाही!

निळ्या कॉपर सल्फेटमध्ये झिंकचा तुकडा टाकला की रंग फिका पडतो, तुकड्यावर तांबूस थर चढतो. झिंक शून्यावरून +२, कॉपर +२ वरून शून्य, आणि सल्फेट आहे तसाच, त्यातल्या ऑक्सिजनचा काही संबंध नाही. झिंकने कॉपरचं क्षपण केलं म्हणून झिंक क्षपणक, स्वतःचं मात्र ऑक्सिडीकरण झालं, हे नीट लक्षात ठेवा.

दोन्ही गोष्टी कायम जोडीनेच होतात, एकच सापडली तर नंबर परत तपासा. कुणाचाच नंबर हलला नाही, जसं कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये, तर ती रेडॉक्स (म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण दोन्ही होणारी) अभिक्रिया नाहीच. आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फुटतो तेव्हा दुसरं मूलद्रव्य शोधत बसू नका, तिथे ऑक्सिजनच −१ वरून थोडा पाण्यात −२ वर उतरतो आणि थोडा वायू होऊन शून्यावर चढतो.