विश्व अनंत आहे का, ते कधी संपेल? उत्तर देताना या चुका टाळा

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीपुढची रांग ओसरली की कुणीतरी विचारतंच: "विश्व अनंत आहे म्हणतात, मग ते संपेल कसं?" प्रश्न फार चांगला आहे आणि विचारणाऱ्याला त्याचं नीट उत्तर मिळायला हवं. पण उत्तर देताना शिक्षक, खगोल मंडळांचे कार्यकर्ते आणि विज्ञानावर लिहिणारे त्याच त्या ठिकाणी घसरतात. ही टिपणं त्यांच्यासाठी आहेत.

दोन प्रश्नांची एक गाठ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. विश्व किती पसरलं आहे हा एक प्रश्न आणि ते किती काळ टिकेल हा दुसरा. अनंत पसरलेलं विश्व पुढे आकुंचन पावू शकतं, आणि मर्यादित आकाराचं विश्व कायम प्रसरण पावत राहू शकतं.

ही गाठ जुन्या पुस्तकांतल्या एका आलेखातून आली आहे. गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून बदलत्या विश्वाची उत्तरं काढली. पुढे त्यावरून तीन रेषांचा आलेख रूढ झाला. विश्वाची घनता एका ठरावीक पातळीपेक्षा जास्त असेल तर विश्व बंदिस्त, मर्यादित आणि शेवटी कोसळणारं. कमी असेल तर खुलं, अनंत आणि कायम वाढणारं. नेमकी तेवढीच असेल तर सपाट, आणि प्रसरण मंदावत जाईल पण थांबणार नाही. हे गणित चूक नाही. पण ते एका अटीवर उभं आहे: विश्वात द्रव्य आणि प्रारण (प्रकाशासारखी ऊर्जा) यांशिवाय दुसरं काही नसावं.

१९९८ मध्ये ती अट मोडली. दूरच्या अतिनवताऱ्यांचं (स्फोट होऊन झळाळणाऱ्या ताऱ्यांचं, म्हणजे सुपरनोव्हांचं) तेज मोजणाऱ्या दोन गटांना आढळलं की प्रसरण मंदावत नसून त्याचा वेग वाढतो आहे. या शोधासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं. या वेगवाढीमागच्या कारणाला आपण कृष्णऊर्जा म्हणतो, आणि विश्वातल्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. ती आहे म्हटल्यावर आकारावरून भवितव्य सांगता येत नाही. बंदिस्त विश्वही अखंड प्रसरण पावू शकतं. तिचा स्वभाव पुढे उलटला, तर सपाट विश्वही कोसळू शकतं. तो तीन रेषांचा आलेख अजून दाखवत असाल, तर त्याच्याशेजारी १९९८ चा शोधही सांगा. नाहीतर तो आलेख दाखवू नका.

दिसतं तेवढंच विश्व

"विश्वाचा व्यास ९३०० कोटी प्रकाशवर्षं" असं बातम्यांत सर्रास छापतात. हा व्यास दृश्य विश्वाचा, म्हणजे जिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला त्या भागाचा. त्यापलीकडे विश्व थांबतं असं मानायला काहीही आधार नाही.

इथेच एक शंका येते आणि ती रास्त आहे. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, मग आपल्याला ४६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचं कसं दिसतं? प्रकाश वाटेत असताना मागचं अवकाश ताणलं जात होतं. ज्या ठिकाणाहून तो निघाला, ते ठिकाण आज तितकं लांब गेलेलं आहे. दुसरी मर्यादाही सांगायला हवी. आज जी दीर्घिका साधारण १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपेक्षा दूर आहे, तिच्याकडून आत्ता निघालेला प्रकाश, प्रसरण असंच चालू राहिलं तर, आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. तिचा जुना प्रकाश आपल्याला दिसतो, एवढंच.

"सपाट निघालं, म्हणजे अनंत सिद्ध झालं"

वाचन असलेल्या, अभ्यासू लोकांची ही चूक आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

विश्वाची वक्रता, म्हणजे अवकाश वाकलेलं आहे की सपाट ते, मोजण्याचं सर्वांत चांगलं साधन म्हणजे वैश्विक पार्श्वभूमी प्रारण. आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४-६५ मध्ये ते टिपलं. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला हा प्रकाश आज २.७ केल्विन इतका थंड आहे. त्यात तापमानाचे बारीक चढउतार, म्हणजे किंचित गरम आणि किंचित थंड ठिपके, आहेत. त्या ठिपक्यांचा खरा आकार भौतिकशास्त्रातून काढता येतो. ते आकाशात किती अंशांचे दिसतात हे मोजलं की मधलं अवकाश वक्र आहे की सपाट ते कळतं. हे प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाची मोजमापं इतर निरीक्षणांशी जोडली की वक्रता शून्य येते, सुमारे ०.२ टक्क्यांच्या मर्यादेत.

आता यातून अनंत विश्व का सिद्ध होत नाही? पहिलं कारण म्हणजे ती मर्यादाच. प्रत्यक्षातली वक्रता त्या ०.२ टक्क्यांच्या आत लपलेली असू शकते. तसं असेल तर विश्व प्रचंड, दृश्य विश्वापेक्षा कितीतरी मोठं, पण मर्यादित असेल. दुसरं कारण जास्त खोल आहे. सपाटपणा मर्यादित विश्वातही असू शकतो. कागदावर त्रिकोण काढा आणि कागदाची सुरळी करा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच राहते, पण सुरळीभोवती सरळ चालत गेलेली मुंगी निघालेल्या जागी परत येते. विश्व तिन्ही दिशांनी असं स्वतःला जोडलेलं असेल, तर ते सपाट असूनही मर्यादित असेल, आणि त्याला कुठेही काठ नसेल. अशी जोडणी पुरेशी जवळ असती तर पार्श्वभूमी प्रारणात सारख्याच नक्षीची वर्तुळं आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत सापडली असती. शोध घेतला गेला, तशी वर्तुळं सापडली नाहीत. म्हणून जोडणी असलीच तर ती आपल्या दृष्टीपलीकडे आहे.

यातला असमतोल ऐकणाऱ्यांना आवर्जून सांगा. वक्रता ठामपणे धन निघाली किंवा जुळी वर्तुळं सापडली, तर विश्व मर्यादित आहे हे मोजून ठरेल. अनंतत्व मात्र मोजून ठरवता येत नाही, कारण प्रत्येक मोजमापाला त्रुटीची मर्यादा असते आणि प्रत्येक निरीक्षणाला क्षितिज.

फुग्याचं उदाहरण

विश्वाचं प्रसरण समजावायला फुगणारा फुगा दाखवायचा तर दाखवा, पण विश्व म्हणजे फक्त फुग्याचं रबर हे आधी सांगा. फुग्याच्या आतली हवा, मध्यबिंदू आणि बाहेरची खोली यांना विश्वात जागा नाही. ते सांगितलं नाही, तर मुलांच्या डोक्यात स्फोटाचं एक ठिकाण पक्कं बसतं. आणखी एक वाक्य सुधारायला हवं: "सुरुवातीला सगळं विश्व एका बिंदूत होतं." त्या वेळी अतिशय लहान होता तो आज आपल्याला दिसणारा भाग. विश्व आज अनंत असेल, तर ते सुरुवातीलाही अनंतच होतं, फक्त अतिशय दाट आणि तप्त.

सूर्याचा शेवट आणि शून्यांची गफलत

सूर्य सुमारे ५०० कोटी वर्षांनी तांबडा राक्षसी तारा होईल. पृथ्वी त्याच्या बरीच आधी, साधारण १०० कोटी वर्षांत, समुद्र टिकणार नाहीत इतकी तापेल. याचा विश्वाच्या शेवटाशी काहीही संबंध नाही. नव्या ताऱ्यांची निर्मिती थांबून उरलेले तारे विझायला सुमारे १०० लाख कोटी वर्षं लागतील असा अंदाज आहे. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रक्रियेनुसार सर्वांत मोठी कृष्णविवरं विरून जायला १ वर १०० शून्यं इतकी वर्षं लागतात. इथे काहीही "संपत" नाही. थंड, विरळ, काही घडायला ऊर्जेचा फरक न उरलेलं विश्व तसंच चालू राहतं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ आज हीच शक्यता सर्वांत जवळची मानतात.

आकडे मराठीत आणताना एकदा कागदावर शून्यं मोजा. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. "१३.८ कोटी वर्षांचं विश्व" असं छापलं की विश्व डायनासोरांपेक्षाही तरुण ठरतं.

नारळीकर आणि कल्प

मराठी सभेत हे दोन मुद्दे निघतातच. डॉ. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये अर्धस्थिर विश्वाचं प्रतिमान (मॉडेल) मांडलं. त्यात विश्वाला सुरुवात नाही आणि प्रसरण-आकुंचनाची आवर्तनं आहेत. "नारळीकरांनी महास्फोट खोटा ठरवला" हे विधान चुकीचं आहे, कारण पार्श्वभूमी प्रारणाचं तपशीलवार स्पष्टीकरण महास्फोट सिद्धान्तच सर्वांत चांगलं देतो आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ तोच मानतात. पण ते प्रतिमान उडवून लावणंही अन्यायाचं आहे. ते निरीक्षणांच्या कसोटीवर तपासता येईल अशा रीतीने मांडलं गेलं होतं.

ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी. हे आकडे जवळ आले म्हणून पुराणांनी मोजमाप केलं होतं असं म्हणता येत नाही. इतक्या अफाट काळाची कल्पना करणाऱ्या परंपरेचा अभिमान त्यावाचूनही बाळगता येतो.

शेवटाची तारीख छापणं

"२२०० कोटी वर्षांनी विश्व फाटणार" हा आकडा अधूनमधून पुन्हा वर येतो. तो २००३ च्या एका शोधनिबंधातला आहे. कृष्णऊर्जा एका विशिष्ट प्रमाणात वाढत जाईल असं धरलं तर काय होईल, याचं ते उदाहरण होतं. मोजमापं त्या गृहीतकाला आधार देत नाहीत.

सध्या उलट दिशेची बातमी गाजते आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेवरच्या डेसी या उपकरणाने लाखो दीर्घिकांची अंतरं मोजली. २०२४ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये त्या गटाने सांगितलं की कृष्णऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी. इतर निरीक्षणांशी जोडून पाहिल्यावर या संकेताची ताकद, कोणते अतिनवतारे धरले त्यानुसार, २.८ ते ४.२ सिग्मा येते (निकाल निव्वळ योगायोग नसल्याची खात्री सिग्मात मोजतात). शोध म्हणून मान्यता मिळायला ५ सिग्मा लागतात. शिवाय क्षीण होणं म्हणजे उलटणं नव्हे. कृष्णऊर्जा नुसती घटली तर वेगवाढ मंदावेल. विश्व कोसळायला ती ऋण व्हावी लागेल, आणि तसं निरीक्षण कुणीही केलेलं नाही. बातमी देताना "कृष्णऊर्जा बदलत असल्याचे संकेत" इतकंच लिहा, आणि मथळ्यात महासंकोचाचं, म्हणजे विश्व कोसळण्याचं, वर्ष टाकू नका.