मोबाईलच्या फोटोंतून वीरगळाचं थ्रीडी मॉडेल

हाताचा अंगठा नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा दिसेल. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. दोन जागांवरून काढलेल्या फोटोंत किती सरक आहे ते मोजून सॉफ्टवेअर खोली काढतं. सगळा खेळ एवढाच.

सरावाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरून उभारलेला दगड, उत्तम. दगड खरबरीत, कोरीव काम उठावाचं, आणि देवळामागे किंवा वेशीवर तो जागचा हलत नाही. मात्र तेल-शेंदराची पुटं चढलेला दगड त्रास देतो. चकाकी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी दिसते आणि सॉफ्टवेअर चकतं. पावसाने भिजलेल्या दगडाचंही तेच. पण म्हणून शेंदूर खरवडायला जाऊ नका. लोक त्याची पूजा करतात. गावात आधी विचारा आणि ढगाळ दिवस निवडा. उन्हात सावली सरकते, फ्लॅशने चकाकी वाढते.

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड येतो ते) आणि फोकस लॉक करा. झूम आणि पोर्ट्रेट मोड नको. दगडापासून साधारण दीड मीटरवर उभे राहा, फोटो काढा, एक छोटं पाऊल बाजूला सरका, पुन्हा काढा. लागोपाठच्या दोन फोटोंत निम्म्याहून बराच जास्त भाग सामाईक हवा. इथेच बहुतेकांचं चुकतं: एका जागी उभं राहून नुसता फोन फिरवतात. त्यातून पॅनोरमा होईल, खोली मिळणार नाही. पाय हलले पाहिजेत.

अशा तीन फेऱ्या मारा: गुडघ्याच्या उंचीवरून, छातीच्या, आणि हात वर करून खाली रोखून. मागची बाजू मोकळी असेल तर तीही घ्या. साठ-सत्तर फोटो पुरतात, पण एकही हललेला नको. दगडाशेजारी तीस सेंटीमीटरची पट्टी ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका. फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही.

घरी येऊन सगळे फोटो मेशरूम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि स्टार्ट दाबा. पूर्ण बारकाव्यासाठी त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि वेळही भरपूर. पहिल्या टप्प्यानंतर कॅमेऱ्यांच्या जागा दिसतात. त्या दगडाभोवती सलग कोंडाळं करून उभ्या असतील तर पुढे जाऊ द्या. मध्येच खिंडार असेल तर तिथले फोटो कमी पडलेत. पुन्हा गावी जावं लागतं, इलाज नाही.

तयार झालेलं मॉडेल ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडा, आजूबाजूची जमीन आणि गवत छाटा, पट्टी बरोबर तीस सेंटीमीटर भरेल असं मॉडेल लहान-मोठं करा.

मूळ फोटो पुसू नका. अफगाणिस्तानातल्या बामियानची मोठी बुद्धमूर्ती 2001 मध्ये उडवली गेली. त्यानंतर झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी 1970 साली काढलेल्या छायाचित्रांवरून तिचं मॉडेल उभं केलं. फोल्डरला गावाचं नाव आणि तारीख द्या, एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.