पंतप्रधान कामाचा आहे का, हे कसं तपासावं

भाषणं बाजूला ठेवा. पंतप्रधानाचा एकच निर्णय घ्या आणि दिल्लीपासून गावापर्यंत त्याचा माग काढा. खानदेशात टेंभलीइतकं चांगलं उदाहरण नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत आधारचं वाटप सुरू झालं.

पहिलं पाहायचं ते काम कोणावर सोपवलं आणि कोणत्या अधिकाराने. 2009 मध्ये आधारसाठी वेगळं प्राधिकरण झालं आणि इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणींना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा देऊन अध्यक्ष नेमलं. असं काम अनेक खात्यांतून जातं, आणि दर्जा नसलेल्या माणसाला दुसरं खातं दाद देत नाही. तरीही बोटांचे ठसे कोणी घ्यायचे यावरून गृहखात्याशी जुंपलीच. जानेवारी 2012 मध्ये मंत्रिमंडळ समितीने प्राधिकरण आणि गृहखातं यांच्यात राज्यं वाटून दिली, तेव्हा वाट मोकळी झाली. खात्यांची भांडणं किती लवकर मिटतात, ही पंतप्रधानाची सगळ्यात खरी परीक्षा.

कायद्याची बाजू मात्र लंगडी राहिली. प्राधिकरणाचं विधेयक डिसेंबर 2011 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नाकारलं, कायदा थेट 2016 मध्ये पुढच्या सरकारने केला. तोवर नोंदणी कायद्याविनाच चालली. जमेसोबत हेही मांडा.

मग पैसा. अर्थसंकल्पात अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षं मागचा असतो: 2025-26 च्या पुस्तकात 2023-24 चा. सुधारित आकडा बराच खाली आला, तर योजना अडकली समजा. पण लगेच दिल्लीला दोष देऊ नका. अनेकदा राज्याचा हिस्सा भरलेला नसतो, किंवा आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलेलं नसतं.

केळीच्या हवामान आधारित विम्यात हेच दिसतं. हप्त्याचं अनुदान केंद्र आणि राज्य मिळून देतात. ओलिताच्या पिकासाठी केंद्र 25 टक्के हप्तादरापर्यंतच वाटा उचलतं, वरचा भार त्याच्यावर नाही. भरपाई थांबली तर राज्याचा हिस्सा कधी जमा झाला, हे आधी कृषी कार्यालयात विचारा. तो वेळेत गेला असेल, तर खासदाराला लोकसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, द्यायला लावा. दिवसाच्या यादीत असे 20 च प्रश्न असतात आणि किमान 15 दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच अर्ज घेऊन जा.