स्पॅनिशचं सबजंक्टिव्ह: शेपूट बदला, काम झालं

सबजंक्टिव्ह म्हटलं की लोक घाबरतात, पण मराठी बोलणाऱ्याला हे अजिबात नवीन नाहीये. 'तू खातोस' आणि 'तू खावंस' यात जो फरक तोच इथे, एक घडतंय आणि दुसरं घडावं असं वाटतंय.

आता रूप कसं बनवायचं ते बघा. आधी साध्या वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्या, म्हणजे आब्लार (बोलणे) चं आब्लो, मग शेवटचा 'ओ' काढून टाका आणि उलटा स्वर लावा. उलटा म्हणजे, आर-वाल्या क्रियापदांना 'ए' आणि एर-इर वाल्यांना 'आ', बस एवढंच. मग मी आब्ले, तू आब्लेस, तो किंवा ती आब्ले, आम्ही आब्लेमोस, तुम्ही सगळे आब्लेइस, ते आब्लेन. कोमेर (खाणे) चं कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान आणि बिबिर (राहणे) पण अगदी असंच चालतं, बिबा, बिबास वगैरे. आब्लेइस, कोमाइस ही रूपं मुख्यतः स्पेनमध्ये, लॅटिन अमेरिकेत त्याच्या जागी ते-वालंच रूप वापरतात.

'मी' आणि 'तो'चं रूप एकच आहे हे बघून गोंधळू नका, वाक्यावरून कळतं.

आघात मात्र नीट सांभाळा हं. आब्ले म्हणताना जोर 'आ'वर द्या, तोच जोर 'ए'वर गेला तर अर्थ होतो 'मी बोललो', म्हणजे थेट भूतकाळ! लिहिताना त्या भूतकाळातल्या ए वर तिरकी रेघ येते, सबजंक्टिव्हमधल्या आब्ले वर येत नाही.

स्पेलिंगचा एक खड्डा आहे, बुस्कार (शोधणे) चं बुस्के होतं पण सी तशीच ठेवली तर उच्चार 'बुसे' किंवा 'बुस्थे' होईल, म्हणून सी काढून क्यू-यू लिहायचं. येगार (पोचणे) मध्ये तसंच जी नंतर यू घालायचा, येगे. उच्चार वाचवायला स्पेलिंग बदललंय, क्रियापद अनियमित झालेलं नाही.

वापरताना पाठांतरापेक्षा जोडी लक्षात ठेवा: किएरो के कोमास, तू खावंस असं मला वाटतं. दोन माणसं, मधे 'के' (म्हणजे 'की'), म्हणून सबजंक्टिव्ह. पण मलाच खायचं असेल तर नुसतं किएरो कोमेर, तिथे 'के' पण नाही आणि सबजंक्टिव्ह पण नाही.